सहाशे अकरावी ओळ

धाकटी आली तेव्हा सकाळचे दहा वाजायचे होते आणि घारूताई वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. पोरीने पाणी घेतलं नाही, नीट बसलीही नाही. पिशवीतून एक टाईप केलेला कागद काढून तिने टेबलावर ठेवला.

"आज संध्याकाळी पाचपर्यंत यावर सही करायची आहे," ती म्हणाली. "केली तर मी खोटारडी. नाही केली तर उद्धट."

कागद चारच ओळींचा होता. पॅकेज बदलण्याचे काम माझ्याकडे होते. ते मी केले नाही आणि केल्याची खोटी नोंद केली. त्यामुळे प्रयोगशाळेच्या दोन हजार तीनशे रुग्णांचे रिपोर्ट चोरीस गेले. याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे. खाली तिचं नाव आणि सहीला कोरी जागा.

घारूताईंचे डोळे घारे, म्हणून हे नाव. विमा कंपनीत बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, जळालेल्या गोदामांत फिरून आग मुळात कुठल्या कोपऱ्यात लागली ते शोधायचं. निवृत्तीनंतर सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांनी खाजगी तपासाचं कार्यालय थाटलं. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. त्यासाठी त्यांनी गुरुजींना हाताशी घेतलं होतं.

आता गुरुजी म्हणजे काही शाळेतले नव्हेत. धाकटी जिथून आली होती त्याच कंपनीत त्यांनी जन्म काढला होता. प्रयोगशाळांसाठी रिपोर्ट छापणारी वेबसाइट चालवणारी ती छोटी कंपनी, आणि तिथला निम्मा कोड गुरुजींच्या हातचा. येता-जाता कोणालाही धरून शिकवायची खोड, म्हणून गुरुजी. दीड वर्षापूर्वी ते निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर ही पोरगी आली, कंपनीत वयाने सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. पंधरा दिवस शेजारी बसवून त्यांनी तिला सगळं समजावून दिलं होतं. त्यामुळे ती दुसरीकडे न जाता इथे आली यात नवल नव्हतं, आणि गुरुजींनाही ते जरा सुखावून गेलं होतं, खोटं कशाला सांगा.

"पॅकेज म्हणजे काय ते मला कळेल असं सांगा," घारूताई शेजारी बसलेल्या गुरुजींना म्हणाल्या.

गुरुजींना हेच हवं असतं. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की सगळा कोड कोणी स्वतः लिहीत नाही. कागदावर रिपोर्ट मांडून त्याची फाईल तयार करायचं काम जगात कोणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं आणि सगळ्यांना वापरायला दिलेलं असतं. तो तयार कोड म्हणजे पॅकेज. त्यात कधी भोक सापडतं. मग मूळ लेखक जाहीर करतात की बाबांनो, इथे भोक आहे, नवी आवृत्ती घ्या. हे जाहीर झालं की चोरांनाही कळतं. म्हणून नवी आवृत्ती ताबडतोब घ्यायची.

या वेळचं भोक मोठं होतं. वेबसाइटवर रुग्णाच्या नावाच्या रकान्यात कोणी ठरावीक मजकूर टाकला, की रिपोर्ट छापताना ते पॅकेज सर्व्हरवरची भलतीच फाईल उचलून त्यात घालून देई. लेखकांनी तीन तारखेला ते जाहीर केलं. धाकटी म्हणाली, मी चार तारखेला दुपारी नवी आवृत्ती बसवली आणि तशी नोंद केली. अकरा तारखेला चोरी झाली, त्याच भोकातून. चोराच्या मागे पोलीस आहेत. मालक विचारतात, भोक बुजवलं होतंस तर चोर आला कुठून?

"बुजलंय का ते तू तपासलंस?"

"तपासलं. माझ्या लॅपटॉपवर वेगळं रिकामं फोल्डर केलं, नवं पॅकेज घेतलं, चोर टाकतो तसा मजकूर टाकून पाहिला. काही झालं नाही."

गुरुजींनी च्यक केलं. वेगळ्या फोल्डरमध्ये काय तपासायचं? तपास जागेवर करायचा असतो, हे पंधरा दिवसांत निदान दहादा सांगितलं होतं. आणि मग त्यांनी ते वाक्य बोलून टाकलं, जे पुढे त्यांना आठवणंही नकोसं झालं.

"हे बघ बाळ," ते म्हणाले, "कामाच्या धबडग्यात राहून जातं. राहिलं असेल तर कबूल कर. चूक कबूल करण्यात कमीपणा नसतो. लपवण्यात असतो."

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग घारूताईंकडे वळून ती म्हणाली, की दुसरी नोकरी मिळेल किंवा मिळणार नाही. पण हा कागद प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाणार, तिथून रुग्णांना. एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईंचा रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा रिपोर्ट बाहेर आला. तो आजार अन्नातून पसरत नाही, तरी शाळेने त्यांना काढलं. प्रयोगशाळेच्या काउंटरवर रडताना तिने त्यांना पाहिलं होतं.

"त्यांना कोणीतरी माझं नाव सांगणार," ती म्हणाली. "मी केलं असेल तर सांगू देत. पण मी केलेलं नाही, ताई."

घारूताईंनी शब्दकोड्याची घडी घातली आणि चपला पायात सरकवल्या.

*

कंपनी चौथ्या मजल्यावर होती. लिफ्ट नव्हती. गुरुजींना पाहून दारातल्या दोघांनी उठून नमस्कार केला, आणि ते प्रत्येकाची चौकशी करत, पाठ थोपटत, आपल्याच घरी आल्यासारखे आत शिरले.

मालक वाईट माणूस नव्हता, घाबरलेला माणूस होता. प्रयोगशाळेचं काम गेलं तर कंपनी गेली, आणि डॉक्टरीणबाईंना लेखी कारण हवं होतं. त्यांनी साफ सांगितलं की मला कोडमधलं कळत नाही, मी आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही. पण दोन अधिक दोन चार हे कळतं. नव्या आवृत्तीत भोक नाही. चोर भोकातून आला. म्हणजे नवी आवृत्ती नव्हती.

"इथे कोड लिहिणारी माणसं किती?" घारूताईंनी विचारलं.

"एका वेळी एकच. आधी गुरुजी, आता ही."

काम हाती देताना काही लेखी दिलं होतं का, असं घारूताईंनी विचारल्यावर मालकांनी कपाटातून फाईल काढली. गुरुजींच्या वळणदार अक्षरातली यादी. कुठे काय आहे, कशाला हात लावायचा, कशाला नाही. पहिलाच मुद्दा ठळक होता: दुसऱ्याच्या पॅकेजमध्ये स्वतःच्या हाताने कधीही बदल करू नये. धाकटीने हा मुद्दा वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला होता, हेही मालक कौतुकाने म्हणाले. घारूताईंनी यादी बोट फिरवत शेवटपर्यंत वाचली.

"सत्तरानंतर एकदम एकोणीस," त्या म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावून हसल्या. "सतरानंतर. अठरावा मुद्दा कुठे गेला?"

मालकांनी खांदे उडवले. मोजताना चुकलं असेल, असं गुरुजी म्हणाले, आणि मालकांच्या मुलीचं लग्न कधी आहे ते विचारू लागले.

सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ साऱ्यांचे मामा होते. त्यांची खोली थंडगार आणि मामा स्वेटरमध्ये. संशय आपल्यावर येणार हे ओळखून ते आधीच फुरंगटून बसले होते. त्यांनी कानावर हात ठेवले. चार तारखेला दुपारी धाकटीने सांगितलं, मी सर्व्हर बंद करून चालू केला. त्यानंतर जुना बॅकअप चढवला नाही, कशाला हात लावला नाही. पटत नसेल तर ही यादी बघा. सर्व्हरवर बसवलेल्या पॅकेजांची ती यादी होती, आवृत्ती आणि तारखेसकट. रिपोर्टच्या पॅकेजसमोर नवी आवृत्ती, चार तारीख. भोकं शोधणारा जो तपासणी प्रोग्राम होता, तो हीच यादी वाचायचा आणि रोज सकाळी हिरवा दिवा दाखवायचा. आजही हिरवाच होता.

"म्हणजे पोरगी खरं बोलतेय," घारूताई म्हणाल्या.

"मी कुठे नाही म्हटलं? मालकांना मी हे दाखवलं. ते म्हणाले, यादी नंतर बदलली असेल." मामांनी नाक पुसलं. "मी बदलली असेल, असा त्याचा अर्थ. बोलून दाखवलं नाही इतकंच."

चोरीच्या दिवसाची काही खूण आहे का, असं घारूताईंनी विचारलं. मामांनी चुकांची नोंदवही उघडली. चोराचे पहिले दोन प्रयत्न फसले होते, आणि फसताना पॅकेजने कुठल्या फाईलच्या कितव्या ओळीवर अडकलो ते नोंदवलं होतं. फाईलचं नाव, पुढे सहाशे अकरा.

"फाईल कुठल्या फोल्डरमधली, ते नाही लिहिलेलं?"

मामा जरा ओशाळले. नोंदवही फुगते म्हणून त्यांनी फाईलचा सगळा पत्ता कापून नुसतं नाव ठेवायची सोय केली होती. दहा वर्षांत कोणाला त्या पत्त्याची गरज पडली नव्हती.

घारूताईंनी सहाशे अकरा हा आकडा शब्दकोड्याच्या समासात लिहून घेतला. गुरुजींना मनातल्या मनात हसू आलं. ज्यांना कोड वाचता येत नाही त्यांना आकडे फार महत्त्वाचे वाटतात.

मालकांच्या वहिनी रिपोर्ट तपासायच्या. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नमुन्याचा एक छापील कागद काढून त्या फाईलला लावत, आणि त्यांच्या नजरेतून स्वल्पविरामही सुटत नसे. चार तारखेच्या आधीचे आणि नंतरचे कागद घारूताईंनी शेजारी शेजारी मांडले. सारखेच होते. वर प्रयोगशाळेचं नाव, खाली मधोमध पानाचा क्रमांक.

"तेच तर," वहिनी म्हणाल्या. "एरवी कुठलंही पॅकेज बदललं की कागदावर काहीतरी हलतंच. रेघ सरकते, अक्षर जाड होतं. मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. या वेळी टिकलीएवढंही हललं नाही. मी धाकटीला शाबासकी दिली."

मग त्यांची नजर गुरुजींकडे गेली आणि चेहरा खुलला. त्यांनी घारूताईंना नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. लांबलचक नाव असलं की रिपोर्टवर ते अर्ध्यात कापलं जाई. एकदा दोन बायकांच्या नावांचा पहिला भाग सारखा निघाला, पुढचा कापलेला, आणि एकीचा रिपोर्ट दुसरीच्या हातात गेला. केवढा गहजब झाला होता. पॅकेजवाल्यांना कळवून उत्तर यायला महिना लागला असता. गुरुजींनी एका दुपारात ते ठीक केलं. तेव्हापासून नाव कितीही लांब असो, गुपचूप दुसऱ्या ओळीवर जातं.

गुरुजी संकोचाने हसले. कौतुक कोणाला नको असतं? पण हसता हसता ते मांडलेल्या कागदांवरून नजर काढून घड्याळाकडे पाहू लागले.

शेवटी धाकटीचं टेबल. घारूताईंनी तिला दोन कामं सांगितली. चार तारखेला केलं होतं तसंच रिकामं फोल्डर करून, नव्या पॅकेजमधून एक रिपोर्ट छापायचा, मुद्दाम लांब नावाचा. आणि ज्या फाईलचं नाव मामांच्या नोंदवहीत आहे तिच्या ओळी मोजायच्या, नव्या आवृत्तीतल्या आणि जुन्या आवृत्तीतल्याही.

कागद छापून आला. पानाचा क्रमांक उजवीकडे वरच्या कोपऱ्यात होता. नाव अर्ध्यात कापलेलं होतं.

"नवीत पाचशे चाळीस ओळी," धाकटी म्हणाली. "जुनीत पाचशे अठ्ठ्याण्णव. दहा वर्षांत ही पहिलीच नवी आवृत्ती."

"रिकाम्या ओळी धरून?"

"सगळ्या धरून."

गुरुजी म्हणाले, की ओळींचं काही खरं नसतं, कधी कधी यंत्र चुकीचा आकडा देतं. धाकटी नवा कागद वहिनींच्या कागदाशेजारी धरून बघत होती.

जिन्यात, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, घारूताई थांबल्या. साडेचारला सगळ्यांना बसवायला त्यांनी मालकांना सांगितलं होतं आणि तोवर खाली चहा घ्यायचा होता.

"गुरुजी, ते लांब नावांचं काम तुम्ही कसं केलंत हो?"

"कसंतरी केलं," गुरुजी म्हणाले. "फार जुनी गोष्ट आहे. आता कुठे आठवतं."

त्यांचे कान तापले होते. घारूताईंनी पुढे विचारलं नाही. चहा होईपर्यंत त्या हवापाण्याचं बोलत राहिल्या, आणि मधूनमधून थांबत राहिल्या, दुसऱ्या कोणाला बोलायचं असेल तर वाट मोकळी असावी तशा. गुरुजी मूग गिळून बसले.

*

साडेचारला मालकांच्या खोलीत सहा खुर्च्या मांडल्या होत्या. कागद टेबलावर होता, शेजारी पेन. घारूताई उभ्याच राहिल्या.

"जळालेल्या गोदामात आम्ही पहिली गोष्ट काय करायचो," त्या म्हणाल्या, "तर कोण खोटं बोलतंय हा विचार सोडून द्यायचो. सगळे खरं बोलतायत असं धरायचं आणि मग आग कशी लागेल ते बघायचं. इथेही तसंच धरू. धाकटी म्हणते नवी आवृत्ती बसवली. मामा म्हणतात यादीला हात लावला नाही. मालक म्हणतात नव्या आवृत्तीत भोक नाही, आणि तेही खरं, कारण धाकटीने तपासलं होतं. तरी चोर आला. तिघंही खरे असतील तर एकच उरतं. नवी आवृत्ती सर्व्हरवर होती, पण रिपोर्ट ती छापत नव्हती."

मालक म्हणाले, असं कसं होईल?

घारूताईंनी वहिनींचा कागद आणि धाकटीचा कागद टेबलावर ठेवला. नवं पॅकेज पानाचा क्रमांक वर कोपऱ्यात छापतं. कंपनीचे रिपोर्ट चार तारखेनंतरही तो खाली मधोमध छापत राहिले. टिकलीएवढंही काही हललं नाही, कारण छापणारं काही बदललंच नव्हतं.

"म्हणजे जुनी आवृत्ती," मामा म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं असतं. पण तुमच्या नोंदवहीत चोर सहाशे अकराव्या ओळीवर अडकलाय. नव्या फाईलमध्ये ओळी पाचशे चाळीस. जुन्या फाईलमध्ये पाचशे अठ्ठ्याण्णव. सहाशे अकरावी ओळ दोन्हींत नाही. जी ओळ नाही तिच्यावर माणूस अडखळतो कसा?"

गुरुजींनी आपले हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि ते त्या हातांकडेच बघत होते.

"तिसरी प्रत आहे," घारूताई सांगू लागल्या. "जुन्या फाईलमध्ये कोणीतरी स्वतःच्या हाताने ओळी वाढवलेली. अडखळला ती ओळ शेवटची धरली तरी निदान तेरा. मी धाकटीला विचारलं, की प्रोग्राम पॅकेज शोधतो कुठे? ती म्हणाली, आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये, तिथे नसेल तर सर्व्हरच्या सामाईक साठ्यात. घरातल्या डब्यात साखर सापडली की दुकानात कोण जातं? मामांची यादी दुकानातल्या मालाची. तपासणी प्रोग्राम तीच वाचतो, म्हणून दिवा हिरवा. पोरीने दुकानातला माल बदलला. घरातल्या डब्यात काय आहे ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि रिकाम्या फोल्डरमध्ये तपासलं, तिथे डबाच नव्हता."

"या ओळी करतात काय?" वहिनींनी विचारलं.

"ते तुम्हीच सांगितलंत. मूळ पॅकेज, अगदी नवंसुद्धा, लांब नावं कापतं. हा कागद बघा. आपले रिपोर्ट कापत नाहीत. नऊ वर्षं कापत नाहीत."

वहिनींचा हात तोंडावर गेला. त्यांना कळलं होतं. मामांनाही कळलं होतं. मालक तेवढे एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

"त्या ओळी कोणाच्या ते मी सांगू शकते," घारूताई म्हणाल्या. "पण सांगणार नाही. ते सांगायचं काम माझं नाही."

मग त्या खाली बसल्या, आणि पुढचं सगळं गुरुजींवर आलं.

खरं तर जिन्यावरच त्यांना सगळं आठवलं होतं. खरं तर त्याही आधी, वहिनी कौतुक करत होत्या तेव्हाच. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी पॅकेज उचलून कंपनीच्या फोल्डरमध्ये आणलं, तेरा ओळी घातल्या, आणि पॅकेजवाल्यांचं उत्तर आलं की काढू म्हणून ठेवून दिलं. उत्तर कधी आलं नाही. त्यात वाईट काही नव्हतं, त्या दिवशी ते करायलाच हवं होतं. वाईट पुढे झालं. निवृत्त होताना यादी लिहायला बसले तेव्हा अठरावा मुद्दा त्यांनी लिहिला होता. मग वर पहिला मुद्दा वाचला. शेजारी ती नवी मुलगी वही उघडून बसलेली, एकेक शब्द उतरवून घेत होती. जे करू नये म्हणून शिकवलं ते आपणच केलंय, हे तिच्या वहीत कसं जायचं? त्यांनी ते पान फाडलं आणि यादी पुन्हा लिहून काढली, अठरावा मुद्दा वगळून. आकडे बदलायचं मात्र राहिलं.

आणि आज सकाळी त्यांनी तिला सांगितलं होतं, लपवण्यात कमीपणा असतो.

लाज वाटते म्हणजे काय होतं, हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं. खोलीतल्या प्रत्येकाला आपण आतून दिसतोय असं वाटतं. खुर्चीच्या हातांना धरून ते उठले.

"ओळी माझ्या आहेत," ते म्हणाले. "मी लिहिल्या आणि मी लपवल्या. विसरलो म्हणालो असतो, पण विसरलो नव्हतो. जाताना आठवलं होतं तेव्हा मुद्दाम सांगितलं नाही. हिच्यासमोर मला लहान व्हायचं नव्हतं."

मालकांनी विचारलं, की गुरुजी, तुम्ही? एवढंच विचारलं, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

"मीच. डॉक्टरीणबाईंना नाव पाहिजे ना? माझं द्या. त्या स्वयंपाकघरातल्या बाईंनाही माझंच सांगा. आज दुपारी जिन्यात मला घारूताईंनी विचारलं, तेव्हाही मी बोललो नाही. ही पाच वाजता सही करणार होती आणि मी खाली चहा पीत होतो." त्यांनी एक कोरा कागद मागितला.

वळणदार अक्षर त्या दिवशी काही नीट आलं नाही. तरी त्यांनी सगळं लिहिलं, तारखांसकट, फाडलेल्या पानासकट, आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं. मालकांनी तो वाचून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मामा आपल्या थंड खोलीत निघून गेले. जाताना ते गुरुजींच्या बाजूने गेले, पण थांबले नाहीत. वहिनींनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

धाकटी आपल्या टेबलाशी जाऊन बसली होती. ते फोल्डर तिने उघडलं होतं. गुरुजी दोन पावलं अंतर ठेवून उभे राहिले. माफीचे शब्द त्यांनी येताना जुळवले होते, ते सगळे सांडले.

"एक विचारू?" तिने पडद्यावरची नजर न काढता विचारलं. "सकाळी कबूल कर म्हणालात, तेव्हा मी खोटं बोलतेय असं तुम्हाला खरंच वाटलं होतं?"

नाही म्हणायला जीभ वळत होती. नाही म्हटलं असतं तर तिलाही बरं वाटलं असतं.

"वाटलं होतं," गुरुजी म्हणाले. "मला वाटलं, नवी पोर आहे, चुकली असेल. मी चुकलो असेन हे डोक्यातच आलं नाही."

तिने मान हलवली. डोळे भरून आले होते, ते तिने मनगटाने पुसले. दाराशी घारूताई चपला घालून थांबल्या होत्या. बाहेरच्या रस्त्यावर कुठेतरी ट्रक मागे घेताना वाजत होता.

"आजपासून इथे जे काही फुटेल त्यावर माझं नाव लागणार," धाकटी म्हणाली. "म्हणून विचारते, आणि खरं सांगा. अशा अजून किती जागा आहेत?"

गुरुजी जमिनीकडे बघत राहिले.

"दोन," ते म्हणाले.

ती नुसती वाट बघत राहिली.

"तीन," गुरुजी म्हणाले.

धाकटीने पायाने शेजारची खुर्ची ओढून पुढे केली आणि वहीचं कोरं पान उघडलं. "बसा," ती म्हणाली. "पहिली दाखवा."